जुन्या गाडीची नवी ठिणगी

१९४७ च्या जून महिन्यांत अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीनें शेव्हरोले या नांवाखालीं मालमोटारींची एक नवी मालिका बाजारांत आणली. तींतील सर्वांत लहान, अर्ध्या टनाची म्हणून ओळखली जाणारी गाडी तिकडील शेतकऱ्यांना व लहान दुकानदारांना विशेष मानवली. पुढें दोन-तीन माणसें बसण्यापुरती खोली आणि मागें उघडा हौदा, अशा गाडीला तिकडे ‘पिकअप’ म्हणतात; तो शब्द आतां आपल्याकडेही रुळला आहे. या गाडीचें एंजिन सहा सिलिंडरांचें, सुमारें २१६ घन इंच मापाचें आणि ९० अश्वशक्तीचें होतें. बॅटरी सहा व्होल्टांची. तें एंजिन आपल्या रस्त्यांनाही अगदींच परकें नव्हे. मुंबईस शिवडी येथें १९२८ पासून जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना होता आणि शेव्हरोलेचें सहा सिलिंडरांचें एंजिन त्याच्या पुढच्याच वर्षीं, १९२९ सालीं, निघालें.

आज पाऊणशें वर्षांनंतर अशा गाड्या अमेरिकेंत हौसेनें जतन केल्या जातात. गाडी हातीं आली म्हणजे मालकाला ज्या सुधारणा करण्याचा मोह होतो, त्यांत ठिणगीची सुधारणा बहुधा पहिली असते. पेट्रोलच्या वाफेला पेटविणारी जुनी योजना काढून तिच्या जागीं इलेक्ट्रॉनिक योजना बसवावी कीं बसवूं नये, यावर त्या मंडळींत मोठ्या हिरीरीनें वाद चालतो. एक पक्ष म्हणतो, गाडी वापरावयाची तर ती हमखास सुरू झाली पाहिजे. दुसरा म्हणतो, आंतील जीव बदलल्यावर राहिलें तें नुसतें कातडें. वाद वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु ज्या वस्तूला ‘मूळ’ म्हणून जपावयाचें ती वस्तु कोणत्या गरजेंतून आली आणि कोणत्या कारणानें गेली, हें शोधूं लागलें म्हणजे हा वाद गॅरेजाच्या बाहेर बराच लांब जातो. त्यांतील एक धागा तर थेट पेट्रोलमधील विषापर्यंत पोंचतो.

एंजिनाला पेटविण्याचे दोन मार्ग आरंभापासून होते. एक अग्निहोत्र्याचा: ज्योत सदैव जागती ठेवावयाची आणि वेळ आली कीं तिचा स्पर्श वायूला घडवावयाचा. दुसरा अरणीचा: प्रत्येक वेळीं अग्नि नव्यानें उत्पन्न करावयाचा. १८७६ सालीं जर्मनींत निकोलाउस ऑटोनें चार ठोक्यांचें जें प्रसिद्ध एंजिन सिद्ध केलें त्यांत पहिला मार्ग होता. सरकत्या झडपेंतून एक ज्योत सिलिंडरांत डोकावून जाई. डाइम्लरनें ज्योतीऐवजीं तापवून लाल केलेली नळी योजली. ही नळी बाहेरून ज्वालेनें तापवावी लागे. पेट्रोलच्या शेजारीं उघडी ज्वाला बाळगून रस्त्यानें जाणें म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनींच करावी.

दुसरा मार्ग मात्र ऑटोपेक्षां जुना आहे. १८६० सालीं पॅरिसमध्यें लेनोआर या मूळच्या बेल्जियन कारागिरानें जें वायूचें एंजिन चालविलें त्यांत विजेची ठिणगीच होती. ती पाडणारें उपकरण हाइनरिख रूमकोर्फ या पॅरिसवासी जर्मन उपकरणकाराच्या नांवानें ओळखलें जाणारें वेटोळें होय. जाड तारेच्या थोड्या वेढ्यांवर बारीक तारेचे हजारों वेढे घ्यावयाचे. जाड तारेंतील प्रवाह एकदम तोडला कीं बारीक तारेंत क्षणभर प्रचंड दाब उत्पन्न होतो. हें तत्त्व फॅरेडेनें १८३१ सालीं दाखवून दिलेलेंच होतें. परंतु प्रवाह तोडतांना तोडण्याच्या जागींच ठिणगी उडते आणि तोड संथ होते, ही अडचण राहिली. १८५३ सालीं फिझो या फ्रेंच पदार्थविज्ञानवेत्त्यानें तोडीच्या जागेला समांतर असा एक कंडेन्सर जोडला आणि ठिणगी एकदम सतेज झाली. प्रकाशाचा वेग पृथ्वीवरच्या प्रयोगानें प्रथम मोजणारा फिझो तो हाच. १९४७ च्या शेतकी गाडींत बोटाच्या पेराएवढी जी धातूची डबी एका स्क्रूनें बसविलेली असते, ती फिझोच्या त्या कल्पनेची सरळ वंशज आहे. ही डबी बिघडली तर गाडी जागची हलत नाहीं, आणि नवी बसविणाऱ्याला तो फिझोच्या घरचें कांहीं हाताळीत आहे याची वार्ताही नसते.

बेंझनें १८८६ च्या आपल्या तीनचाकी गाडींत वेटोळें व बॅटरी यांचाच उपयोग केला. परंतु त्या काळच्या बॅटऱ्या थोड्याच वेळांत थकत. ठिणगी ही बेंझला सर्व प्रश्नांतील प्रश्न वाटे, असें त्याच्याविषयीं सांगतात आणि तें खरें वाटतें. बॅटरीवांचून ठिणगी कशी मिळेल? या प्रश्नाला स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशनें उत्तर दिलें. १८८६ च्या नोव्हेंबरांत त्यानें तेथें आपलें लहानसें कर्मस्थान उघडलें व पुढल्याच वर्षीं जागच्या जागीं चालणाऱ्या एंजिनासाठीं चुंबकाच्या बळावर वीज उत्पन्न करणारा मॅग्नेटो तयार केला. १८९७ सालीं तो चालत्या गाडीवर चढला आणि १९०२ सालीं बॉशचा सहकारी गॉटलोब होनोल्ड यानें उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याच्या जोडीला स्पार्क प्लग सिद्ध केला. त्यानंतर दहा-बारा वर्षें चांगल्या मोटारीची खूण म्हणजे मॅग्नेटो, असें समीकरणच होऊन बसलें. विमानाच्या पेट्रोल-एंजिनांत आजही बहुधा मॅग्नेटोच असतात, तेही दोन. कारण आकाशांत बॅटरी संपली म्हणून रस्त्याच्या कडेला थांबतां येत नाहीं.

हेन्री फोर्डनें १९०८ सालीं ‘टी’ नमुन्याची गाडी काढली तेव्हां त्यानेंही मॅग्नेटो घेतला, पण तो आपल्या पद्धतीनें. एंजिनाच्या फिरत्या चाकावरच त्यानें सोळा चुंबक जडविले आणि त्यांची वीज लांकडी डब्यांत ठेवलेल्या चार वेटोळ्यांना दिली. या डब्यांच्या माथ्यावर थरथरणारी पट्टी असे. त्यामुळें एका ठिणगीऐवजीं ठिणग्यांचा सडा पडे आणि गाडींतून भुंग्यांच्या गुंजारवासारखा आवाज येई. ठिणगी केव्हां पडावी हें चालविणाऱ्यानें सुकाणूच्या डाव्या बाजूच्या दांडीनें ठरवावयाचें. याच गाडीवर १९२५ सालीं फोर्डनें कारखान्यांतच मागचा हौदा बसवून २८१ डॉलरांस विकावयास आरंभ केला. कारखान्यांतून तयार निघालेल्या पिकअपचा इतिहास सांगतांना या गाडीला मान देण्याचा प्रघात आहे.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. या गाडीची ठिणगी सुधारण्याचा उद्योग ती नवी असतांनाच सुरू झाला होता. फिलाडेल्फियाचा ॲटवॉटर केंट, जो पुढें रेडिओ बनविण्यांत नांवाजला, तो या सुमारास ठिणगीचे संच बनवून विकत होता. बॉशच्या नांवाचे संचही फोर्ड गाडीकरितां मिळत. म्हणजे जुन्या गाडींत नवी ठिणगी घालणारा आजचा मालक परंपरा मोडतो असें जें म्हणतात, तें निदान इतिहासाच्या दृष्टीनें अर्धवट आहे. त्याच्या आजानेंही बहुधा हेंच केलें असतें.

आतां ज्या योजनेविषयीं आजचा वाद आहे तिच्याकडे वळूं. तिचा जनक चार्ल्स केटरिंग. त्याचा जन्म १८७६ सालीं ओहायो संस्थानांतील एका शेतकरी कुटुंबांत झाला. डेटन गांवच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनींत दुकानाच्या गल्ल्याच्या यंत्राला त्यानें विजेची मोटर जोडली होती. त्याच कंपनींतील एडवर्ड डीड्स याच्या घरामागच्या धान्याच्या कोठारांत संध्याकाळीं व सुटीच्या दिवशीं कांहीं मित्र जमवून त्यानें मोटारीच्या ठिणगीवर प्रयोग केले. थरथरत्या पट्टीचा सडा नको. योग्य क्षणीं एकच, परंतु जोरदार ठिणगी हवी, हा त्याचा आग्रह होता. कॅडिलॅक कंपनीच्या हेन्री लेलंडला ही योजना पसंत पडली व त्यानें आठ हजार संचांची मागणी नोंदविली. ती पुरी करण्यासाठीं १९०९ सालीं ‘डेटन एंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ निघाली. तिच्या आद्याक्षरांचा ‘डेल्को’ झाला, आणि स्पॅनिश भाषेंत तर सिलिंडरांना ठिणगी वांटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरला ‘डेल्को’ हें सामान्यनामच पडलें. विशेषनामांचीं सामान्यनामें कशीं होतात याचें हें चांगलें उदाहरण भाषाशास्त्राच्या वर्गांत सांगावयास हरकत नाहीं.

केटरिंगच्या योजनेला बॅटरी लागे, आणि बॅटरी थकण्याचें जुनें दुखणें कायमच होतें. त्यावरचा उपाय दुसऱ्याच दाराने आला. त्या काळीं एंजिन हाताच्या हँडलनें फिरवून सुरू करीत. ठिणगीची दांडी पुढें राहून गेली असली तर दट्ट्या वर पोंचण्यापूर्वींच स्फोट होई आणि हँडल उलट फिरून मनगटावर बसे. या अपघातानें होणाऱ्या एका विशिष्ट अस्थिभंगाला वैद्यकांत अजून ‘शोफरचें हाड मोडणें’ अशा अर्थाचें नांव आहे. १९१२ च्या कॅडिलॅकमध्यें केटरिंगनें विजेनें एंजिन सुरू करण्याची सोय केली. तिच्यासाठीं मोठी बॅटरी व ती भरून काढणारा जनरेटर गाडींत आलाच. एकदां आयती वीज गाडींत खेळूं लागल्यावर महाग मॅग्नेटोची गरज काय? हळूहळू तो मोटारींतून गेला. ठिणगीच्या इतिहासांत विजय ठिणगीच्या गुणांवर मिळाला नाहीं, मनगटाच्या भीतीनें मिळवून दिला, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं.

परंतु या विजयाला एक उपकथा आहे, आणि माझ्या मतें सर्व प्रकरणांत तीच सर्वांत महत्त्वाची आहे. नव्या कॅडिलॅक गाड्यांच्या एंजिनांत चढावावर ठकठक असा आवाज येऊं लागला. मॅग्नेटोच्या कैवाऱ्यांनीं दोष केटरिंगच्या बॅटरीच्या ठिणगीवर ठेवला. हा आरोप केटरिंगच्या जिव्हारीं लागला. दोष ठिणगीचा नसून इंधनाचा आहे, हें सिद्ध करण्याच्या कामीं त्यानें टॉमस मिजली या तरुण एंजिनिअरास लावलें. पुष्कळ वर्षें नाना द्रव्यें चाळून पाहिल्यावर १९२१ च्या डिसेंबरांत मिजलीला शिशाचें एक संयुग सांपडलें; थोड्याशा प्रमाणांत पेट्रोलमध्यें घातलें कीं ठकठक बंद. १९२३ सालीं डेटनमध्येंच असें पेट्रोल प्रथम विकलें गेलें. १९२४ सालीं न्यू जर्सींतील एका शुद्धीकरण कारखान्यांत हें संयुग तयार करतांना पांच कामगार शिशाच्या विषानें भ्रमिष्ट होऊन मरण पावले; कांहीं काळ विक्री थांबली आणि पुन्हां सुरू झाली. पुढें अर्धशतक जगांतील बहुतेक मोटारी शिशाचा धूर सोडीत फिरल्या. एका कल्पक माणसाच्या ठिणगीवर आलेला आळ काढण्याच्या खटाटोपांतून हें निष्पन्न व्हावें, यांत दैवाचा हात पाहणारे पाहोत. मला त्यांत दिसतें तें इतकेंच कीं, उपाय चटकन लागू पडला म्हणजे त्याचे परिणाम विचारण्याची घाई कोणालाच नसते.

आतां १९४७ च्या गाडीच्या डिस्ट्रिब्यूटरचें झांकण उघडून पाहूं. मध्यें एक उभा दांडा फिरतो. त्याला सहा कोन आहेत. प्रत्येक कोन एका लहान हाताला बाजूस ढकलतो, आणि त्या हाताच्या टोंकावरील टंगस्टनची टिकली समोरच्या स्थिर टिकलीपासून इंचाच्या सुमारें अठरा हजारांश इतकी दूर होते. या टिकल्यांच्या जोडीला आपले मोटार-कारागीर ‘पॉइंट’ म्हणतात. पॉइंट उघडतात त्या क्षणीं वेटोळ्यांतील प्रवाह तुटतो, वीसएक हजार व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो, आणि वर फिरणारा रोटर तो ज्या सिलिंडराची पाळी असेल त्याच्या प्लगकडे पोंचवितो. ठिणगी लवकर वा उशिरां पाडण्याची फोर्डच्या काळची दांडी आतां गेलेली असते. दांड्यावरील लहान वजनें वेगाबरोबर बाहेर फेंकलीं जाऊन तें काम करतात. पेट्रोलच्या प्रतीप्रमाणें थोडा फेरफार करण्यासाठीं डिस्ट्रिब्यूटरच्या तळाशीं अंशांची खूण असलेली एक पट्टीही शेव्हरोलेनें ठेवली होती. आणि ठिणगीची वेळ जुळविण्यासाठीं फिरत्या चाकांत एक पोलादी गोळी ठोकून बसविलेली असे. ती एका लहान खिडकींतून दिसली कीं क्षण साधला. ही गोळी मला फार आवडते. शेताच्या बांधावर, एका खटक्याच्या दिव्यानें, कोणत्याही शेतकऱ्याला जमावें असें हें शास्त्र होतें.

पण या टिकल्यांच्या नशिबीं काय असतें तें हिशेबानें पाहावें. सहा सिलिंडरांच्या एंजिनांत दर फेऱ्यास तीन ठिणग्या. गाडी ताशीं चाळीस मैलांनीं चालली तर एंजिनाचे मिनिटास सुमारें दोन हजार फेरे होतात. म्हणजे मिनिटाला ६,००० आणि तासाला ३,६०,००० वेळां पॉइंट उघडतात व मिटतात. दहा हजार मैलांत ही संख्या नऊ कोटींवर जाते. तेवढ्यांत एका टिकलीवर खळगा व दुसरीवर उंचवटा तयार होतो. हाताचा जो भाग कोनांवर घांसतो तो झिजतो. फट कमी होते आणि ठिणगी उशिरां पडूं लागते. बिघाड एका दिवसांत होत नाहीं, तो मुंगीच्या पावलानें येतो, आणि म्हणूनच मालकाला त्याची संवय होऊन जाते.

ही झीज साठ वर्षें सर्वांनीं सोसली. १९४७ च्याच डिसेंबरांत बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मास आला आणि १९६३ सालीं पाँटिअॅक गाड्यांत हौशी गिऱ्हाइकांसाठीं ट्रान्झिस्टरची ठिणगी मिळूं लागली. परंतु ती महाग होती आणि तिच्यावांचून कोणाचें अडत नव्हतें. अडलें तें कायद्यानें. १९७० सालीं अमेरिकन काँग्रेसनें हवेच्या शुद्धतेचा कायदा कडक केला. मोटारींच्या धुरांतील कांहीं घातक द्रव्यें नव्वद टक्क्यांनीं कमी करावीं आणि ही शुद्धता पन्नास हजार मैल टिकावी, असें ठरविलें. मुदती पुढें ढकलल्या गेल्या, पण दिशा बदलली नाहीं. दहा हजार मैलांत झिजणारे पॉइंट पन्नास हजार मैलांची हमी कशी देणार? शिवाय १९७५ पासून धूर शुद्ध करणारें कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आलें. ठिणगी चुकली कीं न जळलेलें पेट्रोल त्यांत जाऊन तें तापतें व नाश पावतें; आणि शिशानेंही तें निकामी होतें. क्रायस्लरनें १९७३ च्या आपल्या गाड्यांत आणि जनरल मोटर्सनें १९७५ च्या गाड्यांत सरसकट इलेक्ट्रॉनिक ठिणगी घातली. १९७४ सालीं शिशाविरहित पेट्रोल तेथील पंपांवर आवश्यक झालें होतें. केटरिंगचे पॉइंट आणि केटरिंगच्या हाताखालीं सांपडलेलें शिसें, दोघांनाही एकाच कायद्यानें एकदमच दार दाखविलें. शिशाचें पेट्रोल भारतांतून २००० सालीं गेलें आणि जगांत अल्जीरियांत तें शेवटचें विकलें गेलें २०२१ सालीं.

आज जुन्या पिकअपसाठीं जी तयार सामग्री मिळते तिचें तत्त्वही नवें नाहीं. १८७९ सालीं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत एडविन हॉल या विद्यार्थ्याला असें आढळलें कीं, प्रवाह वाहणाऱ्या धातूच्या पत्र्यावर चुंबकाचा परिणाम होऊन त्याच्या दोन कडांमध्यें सूक्ष्म दाब उत्पन्न होतो. याच परिणामावर पॉइंटांच्या जागीं बसणारा एक लहानसा ठोकळा चालतो. दांड्यावर चुंबकांचें कडें चढवावयाचें. चुंबक ठोकळ्यासमोरून गेला कीं प्रवाह तुटतो. घांसणें नाहीं, झिजणें नाहीं, कंडेन्सरही नको. काम अर्ध्या तासाचें.

मात्र या अर्ध्या तासापूर्वीं थोडा विचार अवश्य आहे. ठोकळा सहा व्होल्टांचा कीं बारांचा, हें आधीं पाहिलें पाहिजे. शेव्हरोलेची बॅटरी ऋण टोंकानें गाडीच्या अंगाला जोडलेली असते, तर त्याच काळच्या फोर्डची धन टोंकानें. हें न पाहतां जोडणी केली तर ठोकळा क्षणांत जळतो. पुष्कळ जण म्हणून आधीं सर्व गाडीच बारा व्होल्टांची करतात. मग जनरेटर, दिवे, पेट्रोलचा कांटा, सारेंच बदलावें लागतें आणि ठिणगीपासून सुरू झालेली सुधारणा सर्व गाडी व्यापते. निव्वळ तांब्याच्या जुन्या प्लगतारा इलेक्ट्रॉनिक ठोकळ्याला मानवत नाहींत, त्याही बदलाव्या लागतात. शिवाय पुष्कळदां दोष पॉइंटांचा नसतोच. सहा व्होल्टांच्या गाडीला जाड केबल लागते. कोणी मधल्या काळांत बारा व्होल्टांच्या गाडीची बारीक केबल घातलेली असते, किंवा रंगावर रंग चढल्यानें एंजिन व साटा यांमधील विजेची जोड तुटलेली असते, किंवा डिस्ट्रिब्यूटरचा दांडाच आपल्या बुशांत डुगडुगत असतो. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं! अशा गाडींत नवा ठोकळा घातला तरी थंडींत ती सुरू व्हावयाची नाहीं.

माझें मत विचाराल तर, जी गाडी रोज वा लांबच्या पल्ल्याला चालवावयाची तिच्यांत हा बदल करण्यास माझी हरकत नाहीं. पॉइंट हे कांहीं त्या एंजिनाचें देवघर नव्हे. ते त्या काळीं परवडणारी एक तडजोड होते. परंतु त्यांच्या बाजूनें एक गोष्ट मोकळेपणानें कबूल केली पाहिजे. पॉइंट बिघडतात ते डोळ्यांना दिसून बिघडतात. खळगा दिसतो, फट मोजतां येते, कानस व पातळ पत्र्याची मापपट्टी जवळ असली तर माणूस घरीं पोंचतो. ठोकळा बिघडतो तो मुका होऊन. त्याच्याकडे पाहून कांहीं कळत नाहीं. जाणते मालक म्हणून काढलेली जुनी पट्टी पॉइंट व कंडेन्सरसकट कापडांत गुंडाळून गाडीच्या समोरच्या खणांत ठेवतात.

प्रदर्शनांत परीक्षक झांकण उघडून पाहत नाहींत तोंपर्यंत हा बदल सहसा ध्यानांतही येत नाहीं. तेंच तपकिरी बेकेलाइटचें झांकण, त्याच सहा तारा. फक्त डिस्ट्रिब्यूटरच्या बुडाशीं जेथून पूर्वीं एक तार वेटोळ्याकडे जात असे, तेथून आतां दोन जातात.